कसेल त्याची लीग

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात राहतो. एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आपल्यापैकी ज्यांनी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या क्लबांचा सामना पाहिला असेल, त्यांना आमच्या गावात फुटबॉल काय चीज आहे हे सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा जरूर यावं. चारच्या सामन्याला माणसं अडीचलाच जागा धरून बसतात. समोरच्या गोलकीपरचा बाप कुठल्या पेठेकडून खेळायचा आणि त्यानं कोणत्या वर्षी कुठला टायब्रेकर घालवला, हे शेजारी बसलेला अनोळखी माणूस तुम्हाला न विचारता सांगतो. कधीकधी हीच माणसं भांडतात, मैदानात दगड येतो, सामना थांबतो. त्याची आम्हाला लाज आहे आणि त्यावर आम्ही बोलतोही. पण आपल्या देशात फुटबॉल बघायला लोक येत नाहीत, असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. म्हणूनच हे पत्र.

सुरुवात एका मुलापासून करतो. माझ्या हाताखाली तयार झालेला लेफ्ट बॅक. वडील टेम्पो चालवतात. चौदाव्या वर्षी तो राष्ट्रीय लीगमध्ये खेळणाऱ्या एका क्लबच्या निवासी अकादमीच्या ट्रायलला गेला आणि निवडला गेला. क्लबचं नाव इथं लिहीत नाही. तिथले प्रशिक्षक चांगले होते, जेवण चांगलं होतं, मुलाच्या खेळात वर्षभरात जो फरक पडला तो मी डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी सगळ्या मुलांना मेसमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की पुढच्या हंगामात क्लब लीगमध्ये उतरणार नाही, घरच्यांना कळवा. चार दिवसांनी तो रात्रीच्या एसटीनं परत आला. मी स्टँडवर गेलो होतो. पाठीवर सॅक, हातात बुटांची पिशवी. घरी जाताना गाडीवर मागं बसून त्यानं मला एकच प्रश्न विचारला. ‘सर, जर्सीवरचा बॅज काढून टाकायचा का?’

दहावीचं वर्ष होतं. शाळेचा दाखला अर्ध्या वर्षात निघाला, इथं प्रवेश मिळेना. शेवटी सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला परीक्षेला बसवला. पास झाला. आता तो पेठेकडून खेळतो आणि दिवसा एका गॅरेजमध्ये काम करतो. खेळाडू म्हणून तो किती मोठा झाला असता, हे मला सांगता येणार नाही. कदाचित झालाही नसता. पण ते मैदानावर ठरायला हवं होतं.

महाराष्ट्रात ही एकट्याची गोष्ट नाही. महिंद्र युनायटेडनं 2005-06 साली राष्ट्रीय लीग जिंकली, मुंबईनं कूपरेजवर तो संघ वाढताना पाहिला, आणि 2010 साली तो बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी 2013 साली परवान्याच्या अटींमुळे बाहेर गेले. पुणे एफसी 2009-10 च्या आपल्या पहिल्याच हंगामात तिसरा आला, 2012-13 साली दुसरा आला, 2015 साली विसर्जित झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम. मुंबई एफसी 2017 साली खाली उतरला आणि संपलाच. एफसी पुणे सिटी 2019 साली गेला. आज भारतीय संघाचे प्रशिक्षक असलेले खालिद जमील खेळाडू म्हणून महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांत होते. तिन्हींपैकी एकही आज राष्ट्रीय लीगमध्ये नाही.

प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगितलं गेलं. कंपनीचं धोरण बदललं, पैसे संपले, मैदान मिळेना. ती कारणं खोटी नसतील. पण दहा वर्षांत एकाच शेतातली आठ झाडं वाळली, तर माणूस झाडांना दोष देत बसत नाही, माती तपासतो. माझं म्हणणं त्या मातीबद्दल आहे. आपल्या लीगचा सातबारा काढला तर त्यावर कसणाऱ्याचं नाव कुठंच सापडत नाही.

थोडं मागं जातो. राष्ट्रीय फुटबॉल लीग आपण डिसेंबर 1996 मध्ये सुरू केली. बारा संघ होते. पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीनं पटकावलं. त्याआधी आपल्याकडं ड्युरंड होती, रोव्हर्स होती, संतोष ट्रॉफी होती. रोव्हर्स तर 1891 पासून मुंबईत भरत होती. पण या सगळ्या स्पर्धा काही आठवड्यांच्या. वर्षभर घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळायचं, तक्त्यात वर-खाली व्हायचं, हे राष्ट्रीय पातळीवर प्रथमच होत होतं. दुसऱ्या विभागाची लीगही लवकरच आली, म्हणजे शिडीसुद्धा होती. निर्णय उत्तम होता आणि त्याचं श्रेय महासंघाला द्यायलाच हवं.

त्या लीगचे अकरा हंगाम झाले आणि सहा वेगवेगळ्या क्लबांनी ती जिंकली. त्या सहांचं पुढं काय झालं पाहा. जेसीटी 2011 साली बंद. महिंद्र बंद. साळगावकर आणि डेम्पो या गोव्याच्या दोन मातब्बर क्लबांनी 2016 साली लीगमधून अंग काढून घेतलं, कारण 2014 साली आलेल्या नव्या लीगपुढं ती दुय्यम दर्जाची होणार हे त्यांना दिसत होतं. डेम्पो अनेक वर्षांनी तिथं परतला. उरले मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. ते टिकले याचं कारण ते कुणा कंपनीच्या आधी आपल्या सभासदांचे आहेत.

2007 साली लीगचं नाव आय-लीग झालं. प्रक्षेपणाचा दहा वर्षांचा करार एका वाहिनीशी होता, तो 2010 साली अर्ध्यावर मोडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांसाठी 700 कोटी रुपयांचा करार झाला आणि महासंघाचे सगळे व्यापारी हक्क तिकडं गेले. नवी लीग काढायचा हक्कही त्यातच होता. ऑक्टोबर 2014 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) उभी राहिली, आठ शहरांत आठ फ्रँचायझी.

आयएसएलनं काय दिलं हेही मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत रफीकनं डोक्यानं मारलेल्या एका गोलवर कोलकात्यानं केरळला हरवलं. माझ्या शाळेतल्या मुलांनी तो गोल पटांगणावर महिनाभर एकमेकांना मारून दाखवला. चांगली मैदानं, चांगले फिजिओ, वेळेवर पगार, टीव्हीवर दिसणारा स्वच्छ खेळ, हे सगळं त्या लीगनं आणलं. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढं आयएसएलमध्ये गेला, तेव्हा इथल्या प्रत्येक घरात त्याचं नाव होतं. त्या पैशानं खेळाचं भलं झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण जमीन खंडानं दिली की खंडकरी मुदतीपुरता विचार करतो. त्यात त्याचा दोष नाही. पंधरा वर्षांनी काय पिकेल, याची काळजी ज्यानं करायची त्यानं जमीन सोडून दिली होती.

याचा सगळ्यात बोचरा पुरावा आम्हा मराठी माणसांच्या अंगणातला आहे. एफसी पुणे सिटी संपला तेव्हा लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादनं 2022 साली अंतिम सामना जिंकला, लोक त्या संघावर जीव टाकू लागले, आणि 2025 मध्ये तोच क्लब उचलून दिल्लीला नेला. दिल्लीत तरी जागा रिकामी का होती? कारण दिल्लीचा मूळ संघ 2019 सालीच भुवनेश्वरला गेला होता. सहा वर्षांत एक जागा पुण्याहून हैदराबादमार्गे दिल्लीला पोहोचली. बालेवाडीला पावसात उभं राहून ओरडणाऱ्या पोरांना, हैदराबादच्या गच्चीबावलीत जाणाऱ्यांना, दिल्लीच्या जुन्या समर्थकांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. कसणाऱ्याला न विचारता जमिनीचा व्यवहार होतो, तेव्हा असंच होतं.

आता याच्या शेजारी जपान ठेवून पाहा. त्यांची जे-लीग 1993 साली सुरू झाली, आपल्या आधी फक्त तीन वर्षं. त्यांच्याकडंही तोपर्यंत कंपन्यांचेच संघ होते, आपल्या जेसीटी आणि महिंद्रासारखे. लीगनं पहिली अट घातली ती ही, की संघाच्या नावातून कंपनी जाईल आणि गाव येईल. माझदाचा संघ हिरोशिमाचा झाला, मित्सुबिशीचा उरावाचा. कंपन्यांनी पैसे देणं थांबवलं नाही, पण लोकांच्या तोंडी गावाचं नाव बसलं. दहा क्लबांनी सुरुवात झाली. 1999 साली दुसरी श्रेणी आली, 2014 साली तिसरी, आणि आज तिन्ही श्रेण्यांत मिळून साठ क्लब आहेत.

तिथंही क्लब बुडाले. योकोहामा फ्लुगेल्सच्या मालकांनी 1998 साली तो क्लब गावातल्याच दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरवलं. संघ आपला शेवटचा सामना 1 जानेवारी 1999 रोजी खेळला. एम्परर्स कपची अंतिम लढत होती, आणि ती जिंकून तो संघ कायमचा संपला. विलीनीकरण समर्थकांना मान्य नव्हतं. त्यांनी आपापसात पैसे गोळा केले, योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला, खालच्या पायरीपासून खेळायला लागले आणि 2007 साली थेट पहिल्या श्रेणीत उतरले. त्या लोकांना हे करता आलं, कारण तिथं शिडी होती आणि तिची खालची पायरी जमिनीला टेकलेली होती. पुण्याच्या समर्थकांनी हेच करायचं ठरवलं असतं, तर 2015 साली त्यांना कुठल्या दारानं आत घेतलं असतं?

शिडी असली की काय होतं, हे आपल्याकडंही एकदा दिसलं. ऐझॉल एफसी 2015-16 साली आय-लीगमधून खाली गेला. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळं त्याला परत घेतलं गेलं, आणि मुंबई एफसीनं नारळ दिलेल्या खालिद जमील यांना प्रशिक्षक करून त्यानं 2016-17 ची लीगच जिंकली. मिझोरामच्या डोंगरातला, तुटपुंज्या पैशाचा क्लब देशाचा विजेता झाला. जगात इतरत्र अशा संघाला वरच्या लीगचं दार आपोआप उघडतं. पण आयएसएलच्या दारावर तेव्हा कुलूप होतं. 2019 साली लीगच्या पुढच्या वाटचालीचा आराखडा झाला, त्यात ते उघडायचं ठरलं. 2022-23 पासून आय-लीगचा विजेता वर जाऊ लागला, पंजाब आणि मोहम्मडन स्पोर्टिंग त्या वाटेनं वर आले. त्याच आराखड्याप्रमाणे 2024-25 पासून खाली उतरणंही सुरू व्हायचं होतं. तो हंगाम संपला, कुणीही खाली गेलं नाही.

आणि मग 2025. जुलैमध्ये आयोजक कंपनीनं नवा हंगाम स्थगित ठेवला, कारण 2010 चा तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. काही क्लबांनी पगार थांबवले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं महासंघाच्या नव्या घटनेला मंजुरी दिली. आपण व्यापारी हक्कांची निविदा काढली आणि नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी 14 फेब्रुवारीपासून चौदा क्लबांची लीग होणार असं जाहीर केलं, एकेरी फेरीचे 91 सामने. देशातली सगळ्यात मोठी लीग एक करार संपला म्हणून अडते आणि मंत्र्यांच्या घोषणेनं सुरू होते, हे आपल्यालाही सुखाचं वाटलं नसणार.

आता माझं मागणं. नव्या घटनेत सर्वोच्च लीग महासंघाच्या मालकीची असं लिहिलं आहे आणि तिच्यात वर जाणं आणि खाली येणं असेल, हेही लिहिलं आहे. दुसऱ्या भागाची तारीख ठरवून टाका. आणि पहिल्या भागाबद्दल माझी हात जोडून विनंती आहे, की मालकी याचा अर्थ पुन्हा एकदा एकाच कंपनीला लांब मुदतीनं जमीन देण्याचा अधिकार असा घेऊ नका. आमच्या राज्यात कूळकायदा आला तेव्हा एक घोषणा गावोगाव पोचली होती, कसेल त्याची जमीन. लीगचंही तेच करा. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग ही वीस क्लबांची कंपनी आहे. प्रत्येकाकडं एक समभाग आणि एक मत. खाली गेलेला क्लब आपला समभाग वर आलेल्या क्लबाच्या हाती देतो. त्यांच्या फुटबॉल असोसिएशनकडं एक विशेष समभाग आहे, मूळ नियमांना कुणी हात घालू नये म्हणून. आपणही घटनेत दुरुस्ती करून तशी कंपनी काढू शकता. नियम, पंच, राष्ट्रीय संघाच्या तारखा आणि खालच्या श्रेण्या महासंघानं सांभाळाव्यात. प्रक्षेपण आणि जाहिराती विकायला कुणीतरी लागेलच, त्याला तीन-चार वर्षांसाठी कामाला ठेवा. त्याचा करार संपला तरी सामना ठरल्या दिवशी व्हायला हवा.

क्लब लहान आहेत, तोट्यात आहेत, त्यांच्या हातात लीग दिली तर ती बुडेल, असं आपल्याकडं कुणी म्हणेल. धोका आहे, मान्य. मालकांचे स्वार्थ असतात, आणि खाली जाण्याची भीती असलेले क्लब शिडीच काढून टाकायला मत देतील हेही मला दिसतं. म्हणूनच तो विशेष समभाग महासंघाकडं हवा, आणि शिडीचा नियम क्लबांच्या मतावर सोडू नये. पण आजवर दुसऱ्यांच्या हातात ठेवून आपण काय वाचवलं, हा प्रश्नही विचारायला हवा.

क्लब बंद झाला तर त्याची जागा दुसऱ्या शहराला विकली जाऊ नये. खालच्या श्रेणीतल्या पुढच्या संघानं ती मैदानावर मिळवावी. आणि त्या शहरातल्या लोकांनी नवा क्लब काढला, तर त्याला राज्याच्या लीगमधून एकेक श्रेणी चढत वरपर्यंत जाण्याचा रस्ता प्रवेशाच्या मोठ्या रकमेशिवाय मोकळा असावा. त्यातली खालची राष्ट्रीय श्रेणी, आय-लीग 3, आपण 2023 साली सुरू केलीत, ते चांगलं काम आहे. तिथं खेळणाऱ्या संघांना हंगामाचं वेळापत्रक आधी हातात मिळालं, तर नोकरी करून खेळणाऱ्या मुलांना रजा तरी मागता येईल.

शेवटची मागणी छोटी आहे आणि तिला कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. ज्या क्लबाची निवासी अकादमी आहे, त्यानं परवाना घेताना अकादमीतल्या प्रत्येक मुलाच्या एका शैक्षणिक वर्षाच्या राहण्या-जेवणाचा आणि शाळेचा खर्च महासंघाकडं बँक हमी म्हणून ठेवावा. क्लब मार्चमध्ये बंद पडो की सप्टेंबरमध्ये, मूल वार्षिक परीक्षा देऊनच घरी जाईल. परवान्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा लागेल. पुढच्या हंगामाच्या परवान्यांच्या अर्जातच तो वाढवा.

त्या मुलानं बॅज काढला नाही. पेठेच्या सरावाला अजून तीच जर्सी घालून येतो, रंग उडालाय, बॅजचा एक कोपरा उसवलाय. परवा लहान पोरांपैकी एकानं त्याला विचारलं, हा कुठल्या टीमचा लोगो? त्यानं नाव सांगितलं. पोरानं ते कधी ऐकलं नव्हतं.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक, कोल्हापूर